पुण्याच्या हवेत आल्याची बिअर: पहिली बॅच कशी लावायची

घरी बिअर करून बघायची हौस असेल, तर सुरुवात आल्याच्या बिअरपासून करावी. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), वीस लिटरचं पातेलं यातलं काही लागत नाही. तरी यीस्ट जगवणं, साखरेचा हिशेब, बाटलीतला दाब, तापमान सांभाळणं हे खरं कौशल्य सगळं यात येतं. चार लिटरची बॅच बिघडली तर नुकसान थोडं आल्याचं आणि साखरेचं.

दुसरं कारण कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात बिअरही येते. ‘फक्त घरच्यासाठी केली’ म्हणून सूट मिळत नाही. त्यामुळे ५ टक्क्यांची बिअर घरी कशी करावी हे इथे सांगणार नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८ च्या नियमांनुसार ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात मोडतं. आपलं पेय त्या रेषेच्या आत ठेवायचं, हे धरूनच खालची मापं दिली आहेत. विकायचा विचार तर करूच नका. त्याचे परवाने वेगळे.

आधी हिशेब समजून घ्या

हा भाग बहुतेक जण वगळतात आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच येतात.

यीस्ट साखर खातं आणि त्यातून दोनच मुख्य गोष्टी निघतात: कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल, वजनाने जवळजवळ निम्मे-निम्मे. एक लिटर पेयात यीस्टने ४ ग्रॅम साखर खाल्ली की साधारण एक लिटर गॅस तयार होतो. ८.५ ग्रॅम खाल्ली की अल्कोहोल ०.५ टक्क्यावर पोचतं. म्हणजे आपल्या हातात लिटरमागे जेमतेम सात-आठ ग्रॅम साखर आहे. तेवढ्यात जो फेस मिळेल तो मिळवायचा. उरलेली साखर गोडीसाठी तशीच राहू द्यायची आणि यीस्टला वेळेवर गारठवून थांबवायचं.

यातून लगेच एक नियम निघतो: काढा (आलं उकळून, गाळून, साखर घातलेलं पाणी) उघड्या भांड्यात दोन-तीन दिवस आंबवून मग बाटलीत भरायचा नाही. उघड्या भांड्यातला गॅस हवेत उडून जातो, अल्कोहोल मात्र पेयातच साठतं. मग बाटलीत फेस आणायला पुन्हा साखर खर्ची पडते आणि आकडा रेषेपलीकडे जातो. विरजण (आलं, साखर, पाणी आंबवून वाढवलेलं यीस्ट) मिसळलं की त्याच तासात बाटल्या भरायच्या. इंटरनेटवरच्या पुष्कळ कृतींमध्ये ‘आधी तीन दिवस बरणीत’ असं लिहिलेलं असतं. त्या कृती थंड देशांतल्या आहेत आणि त्यांना अल्कोहोलची अडचण नाही.

उलट बाजूही बघा. लिटरमागे ७० ग्रॅम साखर घातली आणि ती सगळी बंद बाटलीत आंबली, तर लिटरमागे सतरा लिटर गॅस होईल. शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटलीत तो सहाच्या आसपास असतो. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर विसरलेली बाटली का फुटते, ते या आकड्यांवरून कळतं.

काय काय लागेल

४ लिटरसाठी:

- आलं: काढ्यासाठी २०० ग्रॅम, विरजणासाठी आणखी १०० ग्रॅम
- साधी पांढरी साखर: काढ्यासाठी २८० ग्रॅम, विरजणासाठी १०० ग्रॅम
- लिंबं: पाच-सहा (रस साधारण ८० मिली)
- मीठ: दोन चिमटी
- एक लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, मलमलचा तुकडा, रबरबँड
- पाच लिटरचं स्टीलचं पातेलं, किसणी, बारीक गाळणी, नरसाळं
- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा
- थर्मामीटर
- कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या: पाऊण लिटरच्या सहा किंवा अर्ध्या लिटरच्या आठ-नऊ, शिवाय २५० मिलीच्या दोन
- आकड्यांची पट्टी असलेला लॅक्टोमीटर आणि तो तरंगेल एवढं उंच मोजपात्र
- आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या (आकडा जितका कमी तितकं आंबट; नसल्या तरी चालेल, पण असाव्यात)

लॅक्टोमीटर वाचून नवल वाटेल. यीस्ट साखर खातं तशी पेयाची घनता उतरते, आणि ती किती उतरली यावरून अल्कोहोलचा अंदाज येतो. घनता मोजणारा दारूसाठीचा हायड्रोमीटर ऑनलाइन मागवता येतो, पण त्याची पट्टी लांबलचक असते आणि आपल्याला लागणारा तीन-चार अंशांचा फरक त्यावर धड दिसत नाही. दुधाचा लॅक्टोमीटर १५ ते ४० अंशांच्या आसपासच मोजतो. २८ अंश म्हणजे घनता १.०२८. आपला काढा नेमका तिथेच बसतो. घेताना एक बघा: स्वस्तातल्या लॅक्टोमीटरवर फक्त ‘एम’, ‘डब्ल्यू’ आणि मध्ये तीन रेघा असतात. तो दुधात पाणी आहे की नाही एवढंच सांगतो, आपल्या उपयोगाचा नाही. अंश छापलेलाच मागा. प्रयोगशाळेचं साहित्य ठेवणाऱ्या दुकानात मिळतो.

बाटल्यांबाबत तडजोड नको. कोल्ड्रिंकची बाटली दाबासाठीच बनवलेली असते. तिच्या बुडाला पाच पाय असतात ते त्यासाठीच. पाण्याची बाटली पातळ असते, ती चालणार नाही. तारेचं झाकण असलेल्या काचेच्या बाटल्या छान दिसतात, पण त्यातल्या पुष्कळ तेल किंवा सरबत ठेवायला केलेल्या असतात. चौकोनी काचेची बाटली तर कधीच घेऊ नका, कोपऱ्यावर ताण येऊन ती आधी तडकते. पहिल्या चार-पाच बॅच प्लॅस्टिकमध्येच करा. प्लॅस्टिकची बाटली दाबून आतला दाब कळतो, काचेची कळत नाही.

१. पाणी तयार करा

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जंतू मारायलाच घातलेलं असतं. आपलं यीस्टही त्याच्या तडाख्यात सापडतं. पाणी झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळा, मग झाकून गार करा. क्लोरीन उडून जातं.

गुरुवारी पाणी बंद असेल त्या आठवड्यात शुक्रवारचं पाणी या कामाला घेऊ नका. लाइन पुन्हा भरताना गाळ येतो, वासही वेगळा असतो. बुधवारीच भरून उकळून ठेवा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल, तर ते लिंबाचा आंबटपणा मारतं. एखादं लिंबू वाढवा किंवा निम्मं पाणी आरओचं घ्या.

२. आलं निवडा

मंडईत किंवा मार्केट यार्डात दोन प्रकारचं आलं दिसतं: माती लागलेलं आणि यंत्राने धुऊन चकचकीत केलेलं. विरजणासाठी माती लागलेलं घ्या. आपल्याला हवं असलेलं यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू सालीवर राहतात. घासून धुतलेल्या आल्यावर ते कमी उरतात. माती नळाखाली हाताने काढा, घासणी लावू नका, साल काढू नका.

साताऱ्याकडचं जुनं, रेषा असलेलं आलं काढ्याला उत्तम. थंडीत नवं, पातळ सालीचं आलं येतं. त्यात पाणी जास्त आणि तिखटपणा कमी. ते घेतलं तर २०० ऐवजी २५० ग्रॅम धरा. काळपट डाग, मऊ पडलेलं टोक, कापल्यावर निळसर कड असेल, तर तो तुकडा टाकून द्या.

३. विरजण लावा

यालाच सगळे जिंजर बग म्हणतात.

पहिला दिवस: बरणीत ५०० मिली गार केलेलं उकळलेलं पाणी, २५ ग्रॅम सालीसकट किसलेलं आलं, २५ ग्रॅम साखर. लाकडी किंवा स्टीलच्या चमच्याने ढवळा, मलमल बांधा, उन्हापासून दूर ठेवा. झाकण घट्ट लावू नका.

पुढे रोज: १० ग्रॅम आलं, १० ग्रॅम साखर, दोनदा ढवळणं. ढवळणं चुकवू नका. वर तरंगणारं आलं कोरडं राहिलं की बुरशी तिथेच धरते.

किती दिवस? उन्हाळ्यात, स्वयंपाकघर ३२–३४ अंशांवर असताना, दोन ते तीन दिवस. पावसाळ्यात तीन-चार. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०–१२ वर उतरतो, तेव्हा आठवडा लागू शकतो. त्या दिवसांत बरणी फ्रिजच्या वर किंवा सेट टॉप बॉक्सशेजारी ठेवली तर काम लवकर होतं.

तयार झालं हे ओळखायचं कसं? साखर घालून ढवळलं की तीन-चार तासांत आल्याचा थर वर उचलला जातो, कडेने बारीक फेस धरतो आणि बरणीला कान लावला तर सळसळ ऐकू येते. वास आल्याचा, किंचित आंबट. दुसऱ्या दिवशीच थोडे बुडबुडे दिसतात, पण ते पुष्कळदा भलत्याच जिवाणूंचे असतात आणि मग एक दिवस सगळं शांत होतं. त्याला फसून काढा करायला घेऊ नका. सलग दोन दिवस, प्रत्येक वेळी साखर घातल्यावर फेस आला पाहिजे.

विरजणात स्वतःचंही अल्कोहोल असतं, कारण ते रोज साखर खातंय. म्हणून ते लिटरमागे ५० मिलीच घालायचं. ‘जास्त घातलं की लवकर होईल’ हे खरं, पण आपला सगळा हिशेब त्यात बुडतो.

घाई असेल तर विरजणाऐवजी चार लिटरला पाव चमच्याच्या निम्मं इन्स्टंट यीस्ट वापरता येतं. काम वेगाने होतं, बिघाडही कमी. चवीला मात्र पावाचा वास राहतो आणि विरजणाचा तो आंबूस गोलावा येत नाही. पहिल्यांदा फक्त दाबाचा अंदाज घ्यायचा असेल तर ठीक.

४. भांडी आणि बाटल्या स्वच्छ करा

धुणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी साबण आणि बाटलीच्या ब्रशने धुवा. झाकणाच्या आट्यांत जुनं चिकट काही राहिलं असेल तर ते टूथब्रशने काढा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली बिनवासाचं घरगुती ब्लीच मिसळून बाटल्या, झाकणं, नरसाळं दहा मिनिटं भिजवा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा खळबळा. प्लॅस्टिक बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती आक्रसते आणि मग दाब धरत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. काढा करा

पातेल्यात दीड लिटर पाणी, त्यात २०० ग्रॅम किसलेलं आलं. उकळी आली की गॅस बारीक करून पंधरा मिनिटं ठेवा. आल्याचा ताजा तिखटपणा फार उकळल्याने उतरतो, म्हणून अर्धा तास रटरट शिजवू नका. झणझणीत हवं असेल तर दोन चमचे कच्च्या आल्याचा रस वेगळा ठेवा आणि गार झाल्यावर मिसळा.

गवती चहा घालायचा असेल तर गॅस बंद करायच्या आधी पाच मिनिटं, सहा-सात पाती. लवंगा दोनपेक्षा जास्त नकोत. लवंगेचं तेल यीस्टला मानवत नाही आणि चवही दाबून टाकतं.

गॅस बंद करून साखर आणि मीठ विरघळवा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग गाळा आणि चोथा पिळून काढा. गार पाणी घालून एकूण चार लिटर करा. ३० अंशांच्या खाली येऊ द्या. बोट बुडवलं तर ना गरम ना गार असं लागलं पाहिजे. ४० च्या वर विरजण घातलं तर यीस्ट मरायला लागतं. पहिल्या बॅच बिघडण्याचं हे फार मोठं कारण आहे, कारण संध्याकाळी उरकायची घाई असते.

आता लिंबाचा रस. पीएच पट्टी ४ च्या खाली दाखवायला हवी. एवढ्या लिंबाने ती ३ च्या आसपास येते. हा आंबटपणा फक्त चवीसाठी नाही, नको ते जंतू त्यात वाढत नाहीत.

मोजपात्रात थोडा काढा घेऊन लॅक्टोमीटर सोडा. २६ ते २९ च्या दरम्यान आकडा येईल. तो आणि त्या वेळचं तापमान लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर पुढची मोजणी निरर्थक. वर आला तर थोडं पाणी, खाली आला तर थोडी साखर घालून सारखं करायचा मोह आवरा. असेल तो आकडा धरून पुढे चला.

शेवटी २०० मिली गाळलेलं विरजण. दोन मिनिटं चांगलं ढवळा. यीस्टला सुरुवातीला थोडी हवा लागते.

६. बाटल्या भरा

मानेखाली तीन-चार सेंटीमीटर मोकळे सोडा. काठोकाठ भरली तर उघडताना सगळं बाहेर येतं. अर्धी भरली तर गॅस मोकळ्या जागेत बसतो आणि पेय बेचव राहतं. भरताना अधूनमधून पातेलं ढवळा, नाहीतर विरजण खाली बसतं आणि शेवटची बाटली पहिलीपेक्षा दुप्पट वेगाने फुगते.

२५० मिलीच्या दोन बाटल्याही याच काढ्याने भरा. त्या प्यायच्या नाहीत, मोजायच्या आहेत. सगळ्या बाटल्यांवर स्केचपेनने तारीख आणि वेळ लिहा.

७. उबेत ठेवा आणि लक्ष ठेवा

बाटल्या झाकणाच्या बादलीत किंवा आइसबॉक्समध्ये ठेवा, म्हणजे एखादी फुटलीच तर आतल्या आत फुटेल. जागा सावलीची हवी. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे दुपारी खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापतं.

अंदाजे वेळ अशी:

- उन्हाळा, ३२ अंशांच्या पुढे: १२ ते २० तास
- पावसाळा, २५–२७ अंश: २४ ते ३६ तास
- थंडी, खोलीत १८–२० अंश: ३ ते ४ दिवस

हे फक्त अंदाज आहेत, विरजण किती जोमदार आहे त्यावर सगळं ठरतं. खरा निर्णय अंगठ्याने आणि लॅक्टोमीटरने. भरल्या भरल्या बाटली सहज दबते. जसजसा गॅस साठतो तसतशी ती कडक होत जाते. अंगठा थोडासाच आत जातो, पण दगडासारखी झालेली नाही, अशा वेळी मोजणी करा. उन्हाळ्यात दर चार तासांनी दाबून बघा. रात्री अकराला ‘अजून मऊ आहे’ म्हणून झोपलात तर सकाळी उशीर झालेला असेल. म्हणून उन्हाळ्यात बाटल्या संध्याकाळी उशिरा भरा. मग कडक व्हायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही जागे असताना येते. शनिवारी भरून रविवारी घरी असणं सगळ्यात बरं.

८. मोजा

२५० मिलीची एक बाटली अर्धा तास फ्रीजरमध्ये गार करा, सावकाश उघडा, आणि दोन पेल्यांत चहासारखी वर-खाली ओतत राहा, फेस पूर्ण मरेपर्यंत. गॅस राहिला तर बुडबुडे लॅक्टोमीटरला चिकटून तो वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त येतो. मग पेय पहिल्या मोजणीच्याच तापमानावर येऊ द्या. तापमानात दहा अंशांचा फरक पडला तर लॅक्टोमीटरचा आकडा दोन-अडीच अंश हलतो, आणि आपण शोधतोय तो फरकच तीन अंशांचा आहे.

सुरुवातीला २८ असेल तर २५ ला थांबायचं. तीन अंश उतरले म्हणजे बाटलीत साधारण ०.४ टक्के अल्कोहोल तयार झालं. विरजणातून आलेलं थोडं धरलं की आपण ०.५ च्या काठावर आहोत. चार अंश उतरले तर रेषा ओलांडली असं समजा. लॅक्टोमीटर अर्ध्या अंशाने इकडे-तिकडे चुकू शकतो, म्हणून काठावर खेळू नका.

एकच अंश उतरला असेल तर बाकीच्या बाटल्या आणखी काही तास राहू द्या आणि दुसरी छोटी बाटली तेव्हा मोजा.

तीन अंशांत लिटरमागे दीड-पावणेदोन लिटर गॅस मिळतो. हा फेस मऊ असतो, बाजारातल्या सोड्याइतका नाकात जाणारा नाही. ज्यांना तसा हवा त्यांनी देताना दोन भाग आल्याच्या बिअरला एक भाग थंडगार सोडा घालावा. फेसासाठी बाटली आणखी दिवसभर उबेत ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

९. थंड करा, उघडा, द्या

आकडा मिळाला की सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. दारात नाही, आतल्या बाजूला, जिथे ४ अंशांच्या आसपास राहतं. निदान १२ तास, शक्यतो २४. गारठ्यात गॅस पाण्यात नीट मुरतो आणि गाळ तळाशी बसतो. उघडताना झाकण पाव आटा फिरवून थांबा, फुसफुस संपू द्या, मग पुढे. तळाचा बोटभर गाळ पेल्यात घेऊ नका.

फ्रिजमध्येही यीस्ट मरत नाही, मंदावतं. म्हणून पाच-सहा दिवसांत संपवा आणि रोज एकदा बाटल्या दाबून बघा. वीज पाच-सहा तास गेली तर फ्रिज उघडू नका. आल्यावर बाटल्या तपासा आणि कडक झालेल्या आधी संपवा.

कोणाला देताना आत काय आहे हे आधी सांगा. ०.५ टक्क्याच्या आत असलं तरी हे आंबवलेलं पेय आहे. माळकरी मंडळी, गरोदर बायका, लहान मुलं, अल्कोहोल पूर्ण सोडलेले लोक आणि मेट्रोनिडाझोलसारखी अल्कोहोल वर्ज्य असलेली गोळी चालू असणारे यांना ते देऊ नये. मधुमेह असेल तर यात लिटरमागे साठ ग्रॅमच्या पुढे साखर उरलेली आहे, हेही सांगायलाच हवं.

१०. काय बिघडतं आणि का

*विरजणाला फेसच येत नाही.* क्लोरीनचं पाणी किंवा फार घासून धुतलेलं आलं. दुसऱ्या ठिकाणचं माती लागलेलं आलं १० ग्रॅम घाला, दोन दिवस वाट बघा. तरी शांतच असेल तर नव्याने लावा.

*विरजणाला तार सुटली.* चमचा उचलला की लाळेसारखी तार येते. काही जिवाणू साखरेपासून चिकट पदार्थ बनवतात, उन्हाळ्यात जास्त. याने सहसा अपाय होत नाही, पण पेयही बुळबुळीत होतं. ५० मिली विरजण ठेवून बाकी टाका, नवं पाणी, आलं, साखर घाला आणि थोडं लिंबू पिळा. दोनदा करूनही तार राहिली तर सगळं टाकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

*वर पांढरी साय.* पातळ, सुरकुतलेली, कोरडी दिसणारी साय हे हवेतलं जंगली यीस्ट. काढून टाका, जास्त वेळा ढवळा. केसाळ आणि हिरवी, काळी किंवा गुलाबी काही दिसलं तर ती बुरशी. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही, सगळं टाका.

*सडक्या अंड्याचा वास.* यीस्टची उपासमार किंवा उष्णतेचा ताण. विरजण असेल तर ताजं आलं घाला, थंड जागी हलवा. एक-दोन दिवसांत वास जातो.

*व्हिनेगरसारखं आंबट.* मलमल सैल बांधली की चिलटं आत जातात आणि व्हिनेगर करणारे जिवाणू सोबत नेतात. आंब्याच्या दिवसांत बरणी फळांच्या टोपलीपासून लांब ठेवा आणि मलमल दुहेरी करा.

*बाटल्यांत गॅस नाही.* झाकण जुनं होऊन गळतंय का, ते आधी बघा: बाटली पाण्यात उलटी धरून दाबा, बुडबुडे येतात का. कोल्ड्रिंकचं झाकण पाच-सहा वापरांनंतर बदलावं. झाकण ठीक असेल तर काढा गरम असताना विरजण पडलं असणार.

*बाटली दगडासारखी कडक.* हलवू नका, उन्हात नेऊ नका. बर्फाच्या पाण्यात चार तास ठेवा. मग बाथरूममध्ये, जाड टॉवेलात गुंडाळून, तोंड चेहऱ्यापासून लांब धरून झाकण केसभर सैल करा, घट्ट करा, पुन्हा सैल करा. दहा मिनिटं लागली तरी चालतील. अशा बाटलीतलं अल्कोहोल रेषेच्या पुढे गेलेलं आहे हे धरून चाला आणि ते ओतून द्या.

११. वही ठेवा

एकच पान पुरतं, पण प्रत्येक बॅचला. नोंद अशी असावी:

‘शनिवार, संध्याकाळी ७. खोली ३१. आलं जुनं, २०० ग्रॅम. साखर २८०. सुरुवात २८. रविवार सकाळी ९: मऊ. दुपारी १: कडक व्हायला लागली. छोटी बाटली १: २६. ४ वाजता छोटी बाटली २: २५. सगळ्या फ्रिजमध्ये.’

चार-पाच बॅचनंतर तुमच्या घरात, तुमच्या विरजणाला, कोणत्या ऋतूत किती तास लागतात ते या नोंदीतून कळतं. दुसऱ्याच्या घरातले तास तुमच्या उपयोगाचे नाहीत. कोथरूडच्या तळमजल्यावर आणि हडपसरच्या नवव्या मजल्यावर एकाच दिवशी पाच अंशांचाही फरक पडू शकतो. बॅचची देवाणघेवाण करताना नुसती बाटली देऊ नका, सोबत या पानाचा फोटो द्या. चव आवडली तर समोरच्याला ती पुन्हा करता येईल.

बदल करायचे तर एका वेळी एकच. निम्मी साखर काढून तेवढाच गूळ घातला तर रंग आणि चव दोन्ही भरतात, पण यीस्ट वेगाने धावतं. दाबणं दर तीन तासांनी. लिंबाऐवजी आमसुलं घालायची असतील तर दहा-बारा, काढ्यात शेवटची पाच मिनिटं. त्यांत आधीच मीठ असतं म्हणून वरचं मीठ वगळा आणि पीएच पट्टी लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१२. विरजण जपा

२०० मिली काढून घेतलं की तेवढंच गार पाणी, १० ग्रॅम आलं आणि १० ग्रॅम साखर घाला. लगेच दुसरी बॅच करायची असेल तर दोन दिवसांत पुन्हा तयार होतं. आल्याचा चोथा फार साठला, बरणीच्या निम्म्याच्या वर गेला, की जुना चमच्याने काढून टाका.

रोज करायचं नसेल तर बरणी झाकण सैल लावून फ्रिजमध्ये ठेवा. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, १० ग्रॅम आलं आणि १० ग्रॅम साखर घाला, तीन-चार तास ओट्यावर राहू द्या, परत आत ठेवा. गणपतीला किंवा दिवाळीला पंधरा दिवस गावी जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी दुप्पट साखर घालून आत ठेवा. परतल्यावर निम्मं ओतून, ताजं पाणी, आलं आणि साखर घालून दोन दिवस बाहेर ठेवलं की पुन्हा फेस धरतं.

थोडं विरजण बरणीतून काढून ओळखीच्या कोणाला देऊन ठेवा. आपलं बिघडलं तर चमचाभर परत मागता येतं.